विषाणूला पाय नसतात, मग तो मेंदूपर्यंत पोचतो कसा?

एप्रिल २०२५मध्ये 'नेचर' या नियतकालिकात एक शोधनिबंध आला आणि त्याची बातमी जगभर फिरली. नागिणीची लस घेतलेल्या म्हाताऱ्या माणसांना पुढे स्मृतिभ्रंश होण्याचं प्रमाण कमी दिसतं, अशी ती बातमी. अभ्यास वेल्समधला होता. तिथे २०१३ साली ही लस द्यायला सुरुवात झाली तेव्हा नियम असा होता की २ सप्टेंबर १९३३ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना लस मिळणार, पण त्याच्या एक दिवस आधी जन्मलेल्यांना कधीच नाही. म्हणजे वयात दोन-चार आठवड्यांचा फरक, बाकी सगळं सारखं, आणि तरी एका गटाला लस, दुसऱ्याला नाही. असा प्रयोग ठरवून करायला कुणी परवानगी दिली नसती. तो एका सरकारी नियमाने आपोआप करून टाकला. सात वर्षांनी पाहिलं तर लस घेतलेल्यांमध्ये स्मृतिभ्रंशाचं निदान साधारण एक पंचमांशाने कमी होतं.

वाचणाऱ्याला प्रश्न पडणारच. नागीण म्हणजे अंगावर पट्ट्याने उठणारे, आग होणारे फोड. त्यांचा आणि आठवणीचा काय संबंध?

संबंध अजून पुरता उलगडलेला नाही. पण शास्त्रज्ञ ही बातमी हसण्यावारी का नेत नाहीत, हे समजून घेण्यासारखं आहे. नागीण दिसते कातडीवर, तिचं मूळ मात्र मज्जातंतूत असतं. लहानपणी कांजिण्या येऊन जातात, तेव्हा तो विषाणू शरीरातून जात नाही. पाठीच्या कण्यालगतच्या चेतापेशींच्या गाठींमध्ये तो दडून बसतो. पन्नास-साठ वर्षांनी प्रतिकारशक्ती ढिली पडली की जागा होतो आणि मज्जातंतूच्या वाटेने कातडीपर्यंत प्रवास करतो. या वाक्यातला 'प्रवास' हा शब्द आपण सहज वाचून पुढे जातो. पण विषाणूला पाय नाहीत, शेपूट नाही, इंजिन नाही. तो स्वतःहून केसभरही पुढे सरकू शकत नाही. त्याला नेतं कोण?

उत्तर आहे, आपल्याच पेशीचा सांगाडा. हा लेख त्या सांगाड्याबद्दल आहे.

'सांगाडा' हा शब्द थोडा फसवतो

सांगाडा म्हटलं की डोळ्यांपुढे हाडं येतात. कडक, ठाम, एकदा घडली की वर्षानुवर्षं तशीच. पेशीच्या आतला सांगाडा मात्र असा अजिबात नसतो. तो प्रथिनांच्या धाग्यांचा असतो आणि त्यातले पुष्कळसे धागे सतत मोडत आणि नव्याने जुळत असतात. इमारतीच्या बाजूने बांधलेली परांची आठवा. कामगार एका टोकाने ती सोडवतात, तेच वासे दुसऱ्या टोकाला नेऊन बांधतात, आणि काम जिथे असेल तिथे परांची सरकत जाते. पेशीचा सांगाडा हाडांपेक्षा या परांचीच्या जास्त जवळचा.

त्यात तीन प्रकारचे धागे असतात. सगळ्यात बारीक ॲक्टिनचे, सुमारे सात नॅनोमीटर जाड. (एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यातला एक म्हणजे नॅनोमीटर.) हे बहुतेक पेशीच्या कडेला, पडद्याच्या आतल्या बाजूला असतात आणि पेशीला आकार देतात. दुसरे मधल्या जाडीचे, दहा नॅनोमीटरचे, दोरखंडासारखे चिवट. ताण सहन करणं हे त्यांचं काम. चेतापेशीतल्या या दोरांना न्यूरोफिलामेंट म्हणतात. हे नाव लक्षात ठेवा, पुढे रक्ततपासणीत भेटणार आहे. तिसऱ्या आहेत सूक्ष्मनलिका. आतून पोकळ, पंचवीस नॅनोमीटर जाडीच्या, म्हणजे केसाच्या जाडीचा सुमारे तीन हजारावा भाग. त्या ट्युब्युलिन नावाच्या प्रथिनाच्या विटा एकावर एक रचून बनतात.

इथवर ऐकून वाटेल की तीन प्रकारचे वासे झाले, एवढंच. पण सूक्ष्मनलिकांचं खरं महत्त्व वेगळंच आहे. त्या वाशांसारख्या उभ्या असतात हे खरं, शिवाय त्यांच्यावरून मालवाहतूक चालते. घराचे खांब हेच रेल्वेचे रूळ असावेत, असा हा प्रकार. विषाणूला त्यांच्यात रस आहे तो या रुळांमुळे.

मीटरभर लांबीची पेशी

शरीरातल्या बहुतेक पेशी ठेंगण्या असतात. आत कुठेही काही बनलं तर ते सहज दुसऱ्या टोकाला पोचतं. चेतापेशीचं तसं नाही. पाठीच्या कण्यातून पायाच्या बोटांकडे जाणाऱ्या चेतापेशीचा मुख्य भाग डोळ्यांना दिसणारही नाही एवढा छोटा, पण तिच्यातून निघणारा लांब तंतू, ज्याला ॲक्सॉन म्हणतात, तो मीटरभर लांब असू शकतो. पेशीचा मुख्य भाग फुटबॉलएवढा मोठा केला तर ॲक्सॉन काही किलोमीटर लांब होईल. या टोकाला कारखाना, त्या टोकाला गिऱ्हाईक.

माल वाहून नेणारे हमाल दोन जातींचे. कायनेसिन नावाचं प्रथिन बहुतांशी कारखान्याकडून टोकाकडे जातं, तर डायनीन नावाचं टोकाकडून कारखान्याकडे परत येतं. १९८५ साली रॉन व्हेल, मायकेल शीट्झ आणि थॉमस रीस यांनी कायनेसिन शोधून काढलं. त्यासाठी त्यांनी वापरला होता माकूळ, म्हणजे स्क्विड. त्याच्या अंगात एक भलामोठा, नुसत्या डोळ्यांनी दिसणारा ॲक्सॉन असतो. कायनेसिन चालतं ते अक्षरशः दोन पायांवर, एकापुढे एक पाऊल टाकत. प्रत्येक पाऊल आठ नॅनोमीटरचं. मीटरभर अंतर म्हणजे साडेबारा कोटी पावलं. एकच हमाल एवढं चालत नाही, वाटेत ते बदलत राहतात. तरीही जलद माल दिवसाला चारशे मिलिमीटरपर्यंत पुढे जातो.

सांगाड्याच्या स्वतःच्या दुरुस्तीचा माल मात्र फार हळू जातो, दिवसाला साधारण एखादा मिलिमीटर. म्हणजे पायाच्या बोटापाशी लागणारं न्यूरोफिलामेंट कारखान्यातून निघाल्यावर पोचायला तीनेक वर्षं. मला हा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा खरा वाटला नव्हता. पण त्यावरून एक गोष्ट लगेच कळते: चेतापेशीच्या टोकाशी सांगाडा मोडला, तर दुरुस्ती उद्या-परवा होत नाही.

आयत्या बिळावर

आता विषाणूकडे वळू. समजा तो ॲक्सॉनच्या टोकातून आत शिरला. त्याला पेशीच्या मुख्य भागापर्यंत जायचं आहे, कारण नव्या प्रती काढण्याची यंत्रसामग्री तिथे आहे. नुसतं तरंगत, धक्के खात गेला तर? ओठांवर फोड आणणाऱ्या हर्पीस विषाणूचं, म्हणजे नागिणीच्या विषाणूच्या भाऊबंदाचं, हे गणित संशोधकांनी मांडून पाहिलं आहे. ॲक्सॉनमधल्या दाट द्रवातून एक सेंटिमीटर अंतर कापायला त्याला दोनशेहून जास्त वर्षं लागतील. माणसाचं आयुष्य संपेल, विषाणू वाटेतच.

म्हणून तो डायनीनच्या पाठीवर बसतो. रूळ पेशीचे, हमाल पेशीचे, इंधनही पेशीचंच. आयत्या बिळावर नागोबा ही म्हण यापेक्षा नेमकी कुठे लागू पडेल?

रेबीज हे याचं सगळ्यात भयंकर उदाहरण. पिसाळलेल्या जनावराने चावा घेतला की विषाणू आधी जखमेच्या स्नायूत पडतो. तिथे तो काही काळ रेंगाळतो, आणि मग स्नायू व मज्जातंतू जिथे मिळतात त्या सांध्यातून ॲक्सॉनमध्ये शिरतो. त्याच्या बाहेरच्या काटेरी प्रथिनाला 'जी प्रथिन' म्हणतात. ते चेतापेशीच्या पडद्यावरच्या खुणांना चिकटतं, पेशी त्या चिकटलेल्या पाहुण्याला आपलाच माल समजून पिशवीत घालते आणि पिशवी डायनीनच्या हवाली करते. हा प्रवास दिवसाला साधारण ५० ते १०० मिलिमीटर वेगाने होतो. घोट्याला चावा असेल तर पाठीच्या कण्यापर्यंत दोनेक आठवडे, चेहऱ्याला असेल तर मेंदूचं अंतर अगदी थोडं. चेहऱ्यावरचा, मानेवरचा चावा जास्त धोक्याचा का, याचं एक कारण हे अंतर. दुसरं, तिथलं मज्जातंतूंचं दाट जाळं.

रेबीजची लस चावा घेतल्यानंतरही का चालते, तेही इथेच कळतं. बहुतेक रोगांत लस आधी घ्यावी लागते. रेबीजमध्ये विषाणू स्नायूत रेंगाळतो तो वेळ आपल्याला मिळतो. लक्षणं दिसायला साधारण दोन-तीन महिने लागतात, कधी आठवडाभर, कधी वर्षही. जखम साबण-पाण्याने पंधरा मिनिटं धुणं, लगेच लस घेणं, चाव्याने कातडी फाटून रक्त आलं असेल तर तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन घेणं, हे सगळं विषाणू रुळावर चढण्याआधी त्याला गाठण्यासाठी असतं. एकदा तो मेंदूत पोचून लक्षणं सुरू झाली की माणूस वाचणं जवळजवळ अशक्य. किती दिवस मिळतील हे आधी कुणालाच सांगता येत नाही, त्यामुळे 'बघू दोन दिवस' हा विचार इथे जिवावर बेततो.

पोलिओचा विषाणूही याच परतीच्या वाटेने स्नायूकडून पाठीच्या कण्यात जाऊ शकतो.

हर्पीस मात्र यांच्यापेक्षा चलाख निघाला. ॲक्सॉनमध्ये परतीचं काम डायनीन करतं, पण पेशीच्या मुख्य भागात आल्यावर केंद्रकापर्यंतच्या शेवटच्या टप्प्यात रुळांची दिशा बदलते आणि तिथे कायनेसिन लागतं. २०२१ साली असं दिसून आलं की हर्पीस विषाणू हे कायनेसिन आधीच चोरून आणतो. ओठाच्या कातडीच्या पेशीत तो तयार होतो तेव्हाच तिथला एखादा हमाल तो स्वतःच्या अंगात कोंबून घेतो, आणि पुढे चेतापेशीत शिरल्यावर शेवटच्या टप्प्यासाठी वापरतो. परगावी जाताना स्वतःचा हमाल ट्रंकेत बंद करून न्यावा, तसं.

नुसता प्रवास केला, मग सांगाड्याचं काय बिघडलं?

ही शंका योग्य आहे. रुळावरून एक फुकटा प्रवासी गेला म्हणून रूळ मोडत नाहीत. बिघाड होतो तो विषाणू मुक्कामाला थांबल्यावर, आणि प्रत्येक विषाणूची तऱ्हा वेगळी.

रेबीजपासूनच सुरू करू, कारण त्यात एक जुनं कोडं आहे. रेबीजने माणूस इतक्या भीषण अवस्थेत जातो, पण मृत्यूनंतर मेंदू तपासला तर त्यात मेलेल्या पेशी त्या मानाने फारच थोड्या सापडतात. १९०३ साली ॲडेल्की नेग्री यांनी चेतापेशींमध्ये दिसणारे गोल ठिपके वर्णन केले. रेबीजची ती ओळखखूण ठरली. पण ठिपके म्हणजे काही मृत्यूचं कारण नव्हे. पेशी जिवंत, तरी मेंदू बंद, हे कसं?

उंदरांवरच्या अभ्यासांतून एक उत्तर पुढे आलं ते सांगाड्याचं. रेबीजच्या जहाल जातीचा संसर्ग झाला की चेतापेशींच्या फांद्या आणि ॲक्सॉन तुटक होत जातात, आणि ॲक्टिनचे धागे विस्कटतात. लशीसाठी वापरल्या जाणाऱ्या मवाळ जातीने असं होत नाही. ॲक्टिन विस्कटण्याचा अर्थ काय, हे समजायला चेतापेशीची एक फांदी जवळून पाहावी लागेल. तिच्यावर काट्यांसारखे बारीक उंचवटे असतात. शेजारच्या पेशीचा निरोप याच काट्यांवर येतो. आणि हे काटे उभे असतात ते ॲक्टिनच्या जोरावर. तंबूतल्या काठ्या काढल्या की कापड जमिनीवर बसतं. माणसं आत जिवंत असतात, पण तंबू तंबू राहत नाही. ॲक्टिन विरघळलं की काटे बसतात, निरोप घेणारं कुणी उरत नाही, आणि पेशी जिवंत असूनही बहिरी होते. रेबीजच्या कोड्याचं हे संपूर्ण उत्तर आहे असं मी म्हणणार नाही, पण कोड्याला हे बरंच जुळतं.

काही विषाणू कात्री घेऊन येतात. पोलिओ विषाणूकडे स्वतःची प्रथिनं कापून वेगळी करण्यासाठी एक कातरणारं प्रथिन असतं. तेच पेशीतल्या, सूक्ष्मनलिकांना आधार देणाऱ्या एका प्रथिनालाही कापतं.

एचआयव्हीची गोष्ट आणखी विचित्र. तो चेतापेशीत सहसा शिरतच नाही. मेंदूतल्या पहारेकरी पेशींमध्ये राहतो. पण त्याच्या अंगावरचं एक प्रथिन सुटून चेतापेशीत जातं आणि थेट ट्युब्युलिनला, म्हणजे रुळांच्या विटेलाच चिकटतं. परिणामी वाहतूक खोळंबते. म्हणजे सांगाडा बिघडवायला विषाणू घरात आलाच पाहिजे असं नाही.

घर बांधतानाच परांची हलली तर

आतापर्यंत आपण बांधून झालेल्या मेंदूबद्दल बोललो. झिका विषाणूने मेंदू बांधला जात असतानाच घाला घातला. १९४७ साली युगांडातल्या झिका नावाच्या जंगलात सापडलेला हा विषाणू कित्येक दशकं फारसा कुणाच्या खिजगणतीत नव्हता. २०१५मध्ये ब्राझीलमध्ये त्याची साथ आली, लहान डोक्याची बाळं जन्माला येऊ लागली आणि १ फेब्रुवारी २०१६ला जागतिक आरोग्य संघटनेने आंतरराष्ट्रीय आणीबाणी जाहीर केली.

गर्भाच्या मेंदूत चेतापेशी आतल्या बाजूला तयार होतात आणि बाहेरच्या बाजूला जाऊन वसतात. जायला वाट म्हणून लांबच लांब, उभ्या दोरीसारख्या पेशी असतात. नवी चेतापेशी त्या दोरीला धरून वर चढते. गंमत म्हणजे या दोरीसारख्या पेशीच विभागून नव्या चेतापेशींना जन्मही देतात. आई आणि शिडी एकच. झिका नेमका याच पेशींना पकडतो.

आत शिरल्यावर तो सूक्ष्मनलिका आणि मधल्या जाडीचे धागे ओढून आणतो आणि स्वतःच्या प्रती छापण्याच्या जागेभोवती त्यांचा पिंजरा विणतो. दुसऱ्याच्या घराचे वासे काढून स्वतःची झोपडी बांधावी तसं. पण पेशीला ते वासे विभाजनासाठी हवे असतात. एका पेशीच्या दोन होताना गुणसूत्रं दोन बाजूंना ओढली जातात ती सूक्ष्मनलिकांच्या दोरांनी, आणि ते दोर जिथून निघतात त्या केंद्राचं कामही झिकाच्या संसर्गात बिघडतं. विभाजन अडतं, पेशी मरतात, शिडी कोसळते.

इथे एक जुळणारा पुरावा आहे. विषाणूशी काही संबंध नसलेला, जन्मजात लहान डोक्याचा एक आनुवंशिक आजार आहे. त्याला कारण असलेली बरीचशी जनुकं याच दोरांच्या केंद्रातली प्रथिनं बनवतात. एकीकडे जनुकाचा दोष, दुसरीकडे डासाने आणलेला विषाणू, आणि घाव बसतो जवळपास एकाच जागी.

टाऊ: रूळ बांधणारं, की जाळं टाकणारं?

आता सुरुवातीच्या बातमीकडे परत येऊ. स्मृतिभ्रंशाचा सगळ्यात जास्त आढळणारा प्रकार अल्झायमर. १९०६ साली आलोइस अल्झायमर यांनी एका रुग्ण बाईच्या मेंदूत, चेतापेशींच्या आत, धाग्यांचे गुंतवळे पाहिले. ते कशाचे हे पुढची कित्येक दशकं कळलं नाही. १९७५मध्ये टाऊ नावाचं एक प्रथिन सापडलं, सूक्ष्मनलिका जुळायला मदत करणारं. आणि १९८०च्या दशकात लक्षात आलं की अल्झायमरचे ते गुंतवळे टाऊचेच आहेत. म्हणजे सांगाड्याला सांभाळणारं प्रथिन सांगाडा सोडून भलतीकडेच गोळा झालेलं.

टाऊ रुळाला चिकटून राहणार की सुटणार, हे त्याच्यावर लावलेल्या फॉस्फेटच्या चिठ्ठ्यांवर ठरतं. थोड्या चिठ्ठ्या नेहमीच्या असतात. जास्त लागल्या की टाऊ सुटतं. प्रयोगशाळेत चेतापेशींना हर्पीसचा संसर्ग केला की टाऊवर या चिठ्ठ्या वाढतात, हे अनेकदा दिसलं आहे. यावरून सरळ निष्कर्ष असा निघाला असता की विषाणू टाऊ बिघडवतो, टाऊ सांगाडा बिघडवतं, आणि आठवणी जातात.

पण गेल्या काही वर्षांत याच निरीक्षणाचा उलटा अर्थ काही संशोधक लावू लागले आहेत, आणि मला तो जास्त विचार करायला लावणारा वाटतो. त्यांचं म्हणणं, चिठ्ठ्या वाढणं हा विषाणूचा डाव नसून पेशीचा बचाव असू शकतो. शत्रू आपल्याच रुळांवरून येतो आहे हे दिसल्यावर पेशी टाऊला मोकळं सोडते आणि ते विषाणूला अडकवतं. प्रयोगशाळेत वाढवलेल्या मेंदूपेशींच्या गोळ्यांमध्ये अशा टाऊने हर्पीसचा जोर कमी होताना दिसला आहे. हे खरं असेल तर अडचण अशी की बचाव थोडा वेळ केला तर ठीक, पण विषाणू दर काही महिन्यांनी डोकं वर काढत असेल आणि पेशी दर वेळी टाऊचं जाळं टाकत असेल, तर वर्षानुवर्षांनी जाळ्यांचाच ढीग साचेल. चोर सापडो न सापडो, रस्ता मात्र कायमचा अडलेला.

हे अजून गृहीतक आहे. सिद्ध झालेलं नाही.

मला ओठांवर फोड येतात, म्हणजे मीही विसरभोळा होणार?

नाही, असा अर्थ काढू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार पन्नाशीच्या आतल्या जवळपास ३८० कोटी लोकांच्या, म्हणजे त्या वयाच्या सुमारे ६४ टक्के माणसांच्या शरीरात हा विषाणू आहे. बहुतेकांना कधी त्रासही होत नाही. तो मेंदूत शिरून मेंदूज्वर होतो, पण दहा लाखांत वर्षाला दोन-चार जणांना. नुसता विषाणू असणं पुरेसं असतं तर निम्म्याहून अधिक जग स्मृतिभ्रंशाने ग्रासलं असतं. वय, आनुवंशिकता, रक्तवाहिन्यांची अवस्था, बाकी कितीतरी गोष्टी मध्ये आहेत.

दुसरा इशाराही द्यायला हवा. विषाणू हे कारण असेल तर विषाणूविरोधी गोळीने अल्झायमर आटोक्यात यायला हवा, असं मानून सुरुवातीच्या टप्प्यातल्या १२० रुग्णांवर व्हॅलासायक्लोव्हिरची चाचणी झाली. अठ्ठ्याहत्तर आठवडे गोळ्या दिल्या. फायदा झाला नाही. कदाचित रोग सुरू झाल्यावर उशीर होतो, कदाचित गृहीतकच अपुरं आहे. वेल्सच्या लशीचा परिणाम नागीण टळल्यामुळे असेल, किंवा लशीने एकूणच प्रतिकारशक्तीला वळण लावल्यामुळे असेल. दोन्ही शक्यता उघड्या आहेत. ज्यांना कुणी 'विषाणू मारा, स्मृतिभ्रंश टाळा' असं काही विकत असेल, त्यांनी ही चाचणी आठवावी.

कोविडनंतर डोकं जड वाटतं, ते सांगाड्यामुळे का?

इथे आधी सांगितलेलं न्यूरोफिलामेंट कामाला येतं. ॲक्सॉन तुटला की त्यातले हे दोर सुटून आधी मेंदूभोवतीच्या द्रवात आणि मग रक्तात उतरतात. प्रमाण इतकं कमी की एका मिलिलिटर रक्तात ते पिकोग्रॅममध्ये मोजावं लागतं, आणि एका ग्रॅममध्ये एक लाख कोटी पिकोग्रॅम असतात. तरी आता ते मोजता येतं. कोविडने गंभीर आजारी पडलेल्यांच्या रक्तात हा आकडा वाढलेला दिसला, आणि बऱ्याच रुग्णांत काही महिन्यांनी तो खाली आला. म्हणजे काही ॲक्सॉनना इजा झाली होती, पण ती सतत चालू राहिली नाही. रेंगाळणारा थकवा आणि गोंधळ यांना दुसरी कारणंही असतात, सूज हे त्यातलं मोठं.

या तपासणीची मर्यादा लक्षात घ्या. ती सांगते की कुठेतरी ॲक्सॉन मोडले आहेत. कुठे, कशाने, हे सांगत नाही. मेंदूला मार लागला तरी आकडा वाढतो, आणि नुसत्या वयानेही वाढतो.

कोविडबद्दल एक निरीक्षण मात्र सांगितल्याशिवाय राहवत नाही. त्याचा विषाणू ज्या दाराने पेशीत शिरतो ते दार चेतापेशींवर फारच कमी असतं. मग तो आत जातो कसा? २०२२ साली पॅरिसच्या पाश्चर संस्थेतल्या संशोधकांनी दाखवलं की प्रयोगशाळेत तो शेजारच्या संसर्ग झालेल्या पेशीतून चेतापेशीसारख्या पेशीत एका बारीक पुलावरून जातो. हे पूल पेशी स्वतः बांधतात, ॲक्टिनचे, एकमेकींशी देवाणघेवाण करायला. दार बंद असलं तरी गच्चीवरून ये-जा चालू.

मग हे रूळच उखडून टाकले तर?

प्रयोग झाला आहे. सूक्ष्मनलिका मोडणारं कोल्चिसीन हे औषध प्राण्याच्या मज्जातंतूला लावलं तर रेबीजचा विषाणू पुढे सरकत नाही. विषाणू याच रुळांवरून जातो हे सिद्ध करणाऱ्या जुन्या पुराव्यांपैकी हा एक. पण उपचार म्हणून हे म्हणजे रोगापेक्षा इलाज भयंकर. कर्करोगावरची व्हिनक्रिस्टीन आणि पॅक्लिटॅक्सेल ही औषधं सूक्ष्मनलिकांवरच काम करतात, आणि ती घेणाऱ्या कित्येकांच्या हातापायांना मुंग्या येतात, बधिरपणा येतो. आधी बोटांच्या टोकांना, म्हणजे जिथे ॲक्सॉन सगळ्यात लांब तिथे. रूळ सगळ्यांचे असतात, फक्त विषाणूचे नाही.

शहाणपणाचा मार्ग म्हणजे रूळ तसेच ठेवायचे आणि विषाणूचा हात सोडवायचा. हर्पीसच्या कवचाखालच्या एका प्रथिनात छोटासा बदल केला की तो कातडीच्या पेशींत वाढतो पण मज्जातंतूतून वर जाऊ शकत नाही. असा लंगडा विषाणू लस म्हणून वापरता येईल का, हे प्राण्यांवर तपासलं गेलं आहे. दडून बसायला जागाच मिळाली नाही तर पन्नास वर्षांनी जागा होण्याचा प्रश्न उरत नाही.

आणि रेबीजला तर प्रयोगशाळेत नोकरीच मिळाली आहे. २००७ साली त्याच्यातलं 'जी प्रथिना'चं जनुक काढून त्या जागी चमकणाऱ्या प्रथिनाचं जनुक बसवण्यात आलं. आता या विषाणूला दुसऱ्या पेशीत उडी मारण्याचं साधन स्वतःकडे नाही. संशोधक निवडलेल्या एकाच चेतापेशीला ते प्रथिन बाहेरून पुरवतात. विषाणू तिच्यातून फक्त एक पाऊल मागे जातो, तिला निरोप पाठवणाऱ्या पेशींमध्ये, आणि तिथे पुढची उडी मारता न आल्यामुळे अडकतो. सूक्ष्मदर्शकाखाली त्या पेशी चमकताना दिसतात. अब्जावधी चेतापेशींच्या गर्दीत कोण कुणाशी बोलतं, याचा नकाशा अनेक प्रयोगशाळांत आज असाच काढला जातो.